संगणकावरील अमरवेल

व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती आणि आरोग्य हे विषय दरवर्षी असावयाचेच. त्यांच्या पंक्तीस संगणकातील उपद्रवी जोडण्यांचा विषय आणून बसविला, म्हणजे कोणी सहज म्हणेल की, ही गोष्ट दुरुस्तीच्या दुकानात बोलावयाची, व्यासपीठावर कशाला? आमचे उत्तर एवढेच की, ज्या संगणकावर शेतकऱ्याचा सातबारा निघतो, पीकविम्याचा अर्ज भरला जातो, मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचे कागद चढविले जातात, तो संगणक आता एकट्या दुकानदाराचा राहिलेला नाही. तो चावडीसारखा गावाचा झाला आहे. चावडीत नकळत कोण येऊन बसले आहे, याची चौकशी गावाने करावयास नको काय?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्राच्या दारात सकाळपासून माणसे उभी असतात. अर्जाबरोबर छायाचित्र जोडावयाचे, तेही ठरवून दिलेल्या केबीच्या आत. कागद चार आणि पीडीएफ मात्र एकच हवी. बाहेर रांग ताटकळलेली, अखेरची तारीख उद्यावर आलेली. अशा वेळी केंद्रचालक ‘फोटो लहान करा’ असे शोधतो. समोर एक पान येते. त्यावर मोठे रंगीत बटण असते. तो ते दाबतो आणि काम होते. काम होते हे खरे, परंतु त्या बटणाबरोबर आणखी कोणी तरी आत आलेले असते.

आम्ही स्वतः या अनुभवातून गेलो आहोत. आमच्या घरच्या संगणकावर पीडीएफ जोडण्याचे असेच एक फुकटचे साधन आम्ही बसविले. चार दिवस काही झाले नाही. पाचव्या दिवशी शोधण्याचे नेहमीचे पान जाऊन तेथे भलतेच पान येऊ लागले. पुढे सरकारी संकेतस्थळावर चपलांच्या आणि वजन घटविण्याच्या औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. घरातील वडील मंडळी म्हणाली, सरकारनेही आता जाहिराती घ्यावयास सुरुवात केली वाटते! आम्हीही दोन दिवस तसेच समजलो. वस्तुतः त्या जाहिराती सरकारी पानावर नव्हत्याच. त्या फक्त आमच्या पडद्यावर होत्या. शेजारच्या संगणकावर तेच पान स्वच्छ दिसत होते. रोगाची ओळख पटविण्याची ही पहिली खूण ध्यानात ठेवावी.

हे घडते कसे? ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज ही त्यांतील परिचित नावे. या खिडकीस वरून लहान लहान साधने बसविता येतात, त्यांस इंग्रजीत एक्स्टेन्शन म्हणतात. आपण त्यांस जोडणी म्हणू. कोणी जोडणी मजकुराचे भाषांतर करते, कोणी अंधांस पान वाचून दाखविते, कोणी जाहिराती रोखते. तेव्हा जोडणी ही मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जोडणी बसविताना ब्राउझर एक लहान चौकट दाखवून परवानगी मागतो. तिच्यात पुष्कळदा अशा अर्थाचे वाक्य असते की, ही जोडणी सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती वाचू शकेल आणि बदलू शकेल. हे वाक्य आपण वाचत नाही. वाचणे म्हणजे पडद्यावर जे दिसते आणि आपण जे टंकतो ते सारे वाचणे. त्यात आधार क्रमांक आला, बँकेचा खाते क्रमांक आला, गुप्तशब्दही आला. बदलणे म्हणजे आलेल्या पानात आपला मजकूर घुसविणे. पत्त्याच्या पट्टीवरील कुलपाच्या चिन्हावर भरवसा ठेवून येथे भागत नाही. ते कुलूप वाटेवरच्या चोरासाठी आहे. जोडणी तर आपणच घरात आणून बसविलेली असते.

आमच्या भागातील सोयाबीनच्या शेतकऱ्यास अमरवेल सांगावयास नको. तिला पाने नाहीत. एकदा पिकास विळखा घातला की स्वतःचे मूळही राहत नाही. पिवळ्या दोऱ्यासारखी ती पिकाच्या रसावर जगते. ती शेतात येते बहुधा बियाण्याबरोबर, म्हणजे आपल्याच हाताने. आणि तोडताना एखादा तुकडा झाडावर राहिला, तर त्यातून ती पुन्हा वाढते. उपद्रवी जोडणीची चाल तंतोतंत अशीच आहे. तिला स्वतःचे काम थोडे. ती जगते आपल्या पाहण्यावर. आपल्यापुढे जाहिरात आली, आपण ती दाबली, आपला शोध तिच्या पानावरून वळला, की कोणास तरी दूर देशी दमडी मिळते. एका माणसामागे दमडीच, पण माणसे लाखो.

यात एक गोष्ट विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे. आज चांगली असलेली जोडणी उद्या चांगली राहीलच असे नाही. आग्र्याचे प्रसिद्ध संगणक-लेखक अमित अगरवाल यांनी ‘अ‍ॅड टू फीडली’ नावाची एक साधी, निरुपद्रवी जोडणी तयार केली होती. सुमारे तीस हजार लोक ती वापरीत. कोणी तरी चांगली किंमत देऊ केली आणि त्यांनी ती विकली. नव्या मालकाने थोड्याच दिवसांत तिच्यात जाहिराती भरल्या. जोडण्या आपोआप अद्ययावत होत असल्यामुळे वापरणाऱ्यांस याचा पत्ताही लागला नाही. त्यांनी केलेले काही नाही, त्यांना कोणी विचारलेले नाही. मालक बदलला आणि पूर्वी दिलेली परवानगी नव्या मालकाच्या हाती गेली. अगरवाल यांनी 2014 च्या जानेवारीत आपली चूक जाहीरपणे मांडली आणि पुढे गूगलने ती जोडणी काढून टाकली. ‘द ग्रेट सस्पेन्डर’ या वीस लाखांवर लोक वापरीत असलेल्या जोडणीचीही तीच गत झाली. 2020 साली ती विकली गेली आणि 2021 च्या फेब्रुवारीत घातक म्हणून बंद करण्यात आली. घर भाड्याने देताना आपण भाडेकरू पाहतो. परंतु भाडेकरूने आपली किल्ली परस्पर दुसऱ्यास विकली, तर आपण काय करणार?

दुसरी वाट फुकटच्या प्रोग्रॅमची. 2017 साली ‘फायरबॉल’ नावाचा असाच एक प्रकार उजेडात आला. फुकट साधनांबरोबर तो संगणकात शिरे आणि ब्राउझरचे मुखपृष्ठ व शोधयंत्र बदलून टाकी. चेक पॉइंट या सुरक्षा-संस्थेने जगातील पंचवीस कोटी संगणकांत तो असल्याचा अंदाज दिला आणि त्यांपैकी अडीच कोटींहून अधिक भारतात, म्हणजे सर्व देशांत जास्त, असे सांगितले. हे आकडे फुगलेले आहेत असे मायक्रोसॉफ्टने पुढे म्हटले. आकडा निम्मा धरला तरी आपणांस हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आता उपायाकडे वळू. पहिली गोष्ट, ‘आपला संगणक बिघडला आहे, येथे दाबा’ किंवा ‘या क्रमांकावर फोन करा’ अशी जी चौकट पुढे येते, तिच्यातले काहीही दाबू नये. तोही त्याच धंद्याचा भाग असतो. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात वर तीन ठिपके आहेत. ते दाबून एक्स्टेन्शनच्या यादीत जावे. एजमध्येही जवळजवळ हीच वाट आहे. फायरफॉक्समध्ये या यादीस अ‍ॅड-ऑन म्हणतात. यादीतील प्रत्येक नावापाशी थांबून स्वतःस विचारावे, हे मी बसविले काय आणि आज मला याची गरज आहे काय? दोन्हींपैकी एकाचे उत्तर नाही असेल, तर काढून टाकावे. अपराधी कोण ते कळत नसेल, तर सर्व जोडण्या बंद कराव्या आणि एकेक चालू करून पाहावी. जिच्याबरोबर जाहिराती परत येतील ती दोषी.

काढूनही ती दुसऱ्या दिवशी हजर झाली, तर समजावे की तुकडा कोठे तरी राहिला आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बसविलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणे लावून पाहावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम काढावा. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये मूळ स्थितीवर आणण्याची सोय आहे, ती वापरावी. क्रोममध्ये असे केल्याने शोधयंत्र आणि पहिले पान पूर्ववत होते, जोडण्या बंद पडतात, परंतु खुणा केलेली पाने आणि साठविलेले गुप्तशब्द जात नाहीत. तेव्हा भिण्याचे कारण नाही. मग विंडोजमध्ये मुळातच असलेल्या डिफेन्डरकडून सर्व संगणक तपासून घ्यावा. केंद्र सरकारनेही 2017 साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू करून अशी साधने विनामूल्य दिली आहेत.

दोन ठिकाणी लोक हमखास अडतात. काही जोडण्यांपुढे काढण्याचे बटणच नसते आणि हा ब्राउझर आपल्या संस्थेकडून चालविला जातो, असे वाक्य दिसते. कचेरीतील संगणकावर ते योग्यच आहे. पण घरच्या संगणकास कोठली आली संस्था? तेथे जाणत्या माणसास बोलवावे. दुसरे असे की, एकाच खात्याने दोन संगणक जोडलेले असले, तर एकावरची जोडणी दुसऱ्यावरही जाते. म्हणून घरचा आणि दुकानाचा, दोन्ही तपासावे. मोबाइलवरील क्रोमबद्दल सांगावयाचे तर तो अशा जोडण्या घेत नाही. तेथे जाहिराती येतात त्या बहुधा एखाद्या संकेतस्थळास सूचना पाठविण्याची परवानगी दिल्यामुळे, अथवा एखाद्या अ‍ॅपमुळे. ती परवानगी सेटिंग्जमधून परत घेता येते.

सफाई झाल्यावर महत्त्वाचे गुप्तशब्द बदलावे आणि ते दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलावे. खात्यातून पैसेच गेले असतील, तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर कळवावे. तेथे संकोच करू नये. फसला तो मूर्ख, ही समजूतच ठकाच्या उपयोगी पडते.

रोग येऊच नये म्हणून काय करावे? जोडण्या थोड्या ठेवाव्या. गूगलच्या दुकानातील जोडणी म्हणजे निर्धोक असेही मानू नये. 2020 च्या फेब्रुवारीत त्याच दुकानातून पाचशेहून अधिक जोडण्या काढाव्या लागल्या होत्या. ज्या कामासाठी आपण परक्यास घरात घेतो, ते पुष्कळदा घरातच होण्याजोगे असते. छायाचित्र लहान करावयास विंडोजमधील पेन्ट पुरेसे आहे. पानाची पीडीएफ करावयाची तर छापण्याच्या चौकटीतच तशी सोय असते. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जोडण्यांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी.

केंद्रचालक बंधुभगिनींस आमची एक विनंती आहे. सरकारी आणि बँकेच्या कामासाठी एक ब्राउझर वेगळा ठेवा आणि त्यावर एकही जोडणी बसवू नका. तेवढे जमत नसेल, तर क्रोममधील पाहुण्यांची खिडकी उघडा. तिच्यात जोडण्या चालत नाहीत. घरच्या संगणकात अमरवेल शिरली तर एका कुटुंबाची माहिती जाते. तुमच्या संगणकात शिरली तर पंचक्रोशीची जाते, आणि ज्याची गेली त्यास ते कधी कळतही नाही.

रांगेत उभ्या राहणाऱ्या आपण सर्वांनीही थोडे धीराने घेतले पाहिजे. चालकाची घाई पुष्कळदा आपल्याच घाईतून जन्मते. पुढच्या वेळी पडद्यावर सातबाऱ्याशेजारी चपलांची जाहिरात दिसली, तर सरकारला हसू नका. आधार क्रमांक सांगण्यापूर्वी चालकास म्हणा, दादा, आधी तेवढी जोडण्यांची यादी पाहून घ्या. आम्ही पाच मिनिटे थांबतो.