जुना रंग कोरडा घासू नका

जुन्या वाड्याच्या सागवानी चौकटीवर तेलरंगाचे थरावर थर चढलेले असतात आणि रंगारी आला की आधी पॉलिश पेपर काढतो. घोटाळा तिथेच होतो. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत, शिसं आहे असंच धरून चालावं. थर शाबूत असेपर्यंत ते निमूट असतं. कोरडं घासलं की त्याची पिठासारखी धूळ फरशीवर बसते आणि रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित म्हणावी अशी मात्राच ठाऊक नाही. ब्लोलॅम्पने जाळणं तर त्याहून वाईट, कारण त्या आचेने शिशाची विषारी वाफ उठते.

‘पाण्याने लाकूड फुगेल’ हा आक्षेप खोटा नाही. पण पाणी ओतायचं नसतंच. फवाऱ्याने रंग ओलसर ठेवून पात्याने खरवडायचा, पापुद्रे खाली अंथरलेल्या प्लॅस्टिकवर झेलायचे. नाकावरचा रुमाल कुचकामी. एन-९५ तरी हवाच. आणि रंग घट्ट धरून असेल तर खरवडता कशाला? पुसून वर नवा हात मारावा. दाराच्या घासणाऱ्या कडा तेवढ्या अपवाद.