जशी वाट, तसा जोडा

पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की पुण्या-मुंबईतील धावपटूंची पावले डांबरी रस्ता सोडून डोंगराकडे वळतात. सिंहगडाची पायवाट, वेताळ टेकडी, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान अशी ठिकाणे सुटीच्या दिवशी पहाटेच जागी होतात. मात्र यातील अनेकांच्या पायांत असतात ते मॅरेथॉनच्या सरावासाठी घेतलेले शूज. सपाट रस्त्यावर उत्तम साथ देणारा हाच जोडा ओल्या उतारावर दगा देतो आणि एक मुरगळलेला घोटा कित्येक आठवड्यांचा सराव बुडवतो.

पादत्राणाचा तळ किती महत्त्वाचा असतो, हे गिर्यारोहकांनी फार मोठी किंमत मोजून जाणले. १९३५ मध्ये इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेला अपुरी पादत्राणेही काही अंशी कारणीभूत असल्याचे त्यांचे सहकारी विताले ब्रामानी यांना जाणवले. त्यातूनच १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ साकारला आणि 'व्हिब्रम' हे नाव जगभर पोहोचले. आजच्या ट्रेल शूजचा तळ हा त्याच विचाराचा वारसदार आहे.

आधी वाट ओळखावी

शूज निवडण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपले धावणे प्रत्यक्षात कोणत्या जमिनीवर होते? साताऱ्याची प्रसिद्ध 'हिल मॅरेथॉन' यवतेश्वरच्या घाटात होत असली, तरी तिचा रस्ता डांबरी आहे. तेथे नेहमीचे रस्त्यावरचे शूजच योग्य. नाव डोंगराचे आहे म्हणून खोल खाचांचे शूज घातले, तर तळ लवकर झिजतो आणि त्या उंचवट्यांचा दाब तळपायाला जाणवत राहतो.

टेकडीवरील घट्ट मातीची वाट किंवा कच्चा गाडीरस्ता असेल, तर दोन ते तीन मिलिमीटरच्या खाचा पुरेशा ठरतात. अशा शूजवर घरापासून टेकडीपर्यंतचे डांबरी अंतरही सुखाने कापता येते. मुरूम, सुटे दगड आणि घसारा असलेल्या मिश्र वाटेसाठी चार ते पाच मिलिमीटरच्या खाचा लागतात. भातखाचरांच्या बांधावरचा चिखल तुडवायचा असेल, तर सहा मिलिमीटर किंवा त्याहून खोल आणि एकमेकांपासून दूर असलेल्या खाचा हव्यात. खाचा जवळजवळ असल्या, की चिखल त्यांत बसतो आणि तळ पुन्हा गुळगुळीत होतो.

ओल्या कातळाचे गणित याहून वेगळे आहे. तेथे खाचांच्या खोलीपेक्षा रबराचा मऊपणा आणि दगडाला टेकणारे क्षेत्रफळ अधिक महत्त्वाचे असते. मऊ रबर कातळाला चांगले धरते, पण झिजतेही लवकर. हा सौदा पत्करावाच लागतो.

सिंहगड-राजगड-तोरणा अशा दीर्घ पल्ल्याच्या वाटेवर गावरस्ता, झाडी, डोंगरधार आणि कातळ हे सारेच एका दिवसात भेटते. अशा वेळी एखाद्याच गुणात टोकाला गेलेला जोडा टाळून मध्यम खाचांचा, पुरेशा गादीचा जोडा निवडणे हिताचे. टोकदार दगडांपासून तळपाय वाचवणारी मधली पट्टी आणि बोटांपुढचे कडक आवरण या दोन गोष्टी येथे विशेष उपयोगी पडतात.

पाणीरोधकाचा मोह

'वॉटरप्रूफ' या शब्दाला पावसाळ्यात अनेक जण भुलतात. थंड प्रदेशात असे शूज उपयुक्त असतात. पण सह्याद्रीच्या पावसात ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरते आणि तेच आवरण त्याला बाहेर पडू देत नाही. ओला पाय तासन् तास तसाच राहिला, की फोड आलेच. त्यापेक्षा जाळीदार, लवकर निथळणारे शूज आणि सुती नसलेले मोजे अधिक सोयीचे.

माप घेताना

दिवसभरात पाय किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी आणि धावताना वापरायचे मोजे सोबत न्यावेत. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. ती नसेल, तर उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडतात. टाच मात्र हलता कामा नये. टाच आणि चवडा यांच्या उंचीतील फरकही पाहावा. हा फरक शून्यापासून बारा मिलिमीटरपर्यंत असू शकतो. जास्त फरकाच्या शूजची सवय असलेल्याने एकदम सपाट शूज घातले, तर पोटऱ्या आणि टाचेमागच्या शिरेवर ताण येतो. हा बदल हळूहळूच करावा.

नवा जोडा थेट स्पर्धेत वापरू नये. वर्षभर माळ्यावर पडून असलेला जुना जोडाही आधी जवळच्या टेकडीवर तपासून घ्यावा. सोल निखळण्याचा प्रकार बहुधा अशाच शूजबाबत, गडाच्या मध्यावर घडतो.

आणि शेवाळलेला कातळ समोर आला, तर किमती शूजवरही भिस्त ठेवू नये. तेथे धावणे थांबवून एकेक पाऊल जपून टाकणे, हेच खरे शहाणपण.