हिरोजी इंदुलकर

हिरोजी इंदुलकर हे सतराव्या शतकातील मराठा स्थापत्यकार होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात मालवणजवळील सिंधुदुर्ग हा जलदुर्ग आणि रायगडावरील राजधानी ही दोन मोठी बांधकामे त्यांच्या नावाशी जोडली जातात. आजच्या परिभाषेत ज्यांना स्थापत्य अभियंता, संरचना अभियंता आणि नगररचनाकार म्हणतात, त्या तिघांचीही कामे त्या काळी एकाच व्यक्तीकडे असत. हिरोजींच्या जन्ममृत्यूची नोंद उपलब्ध नाही. त्यांची ओळख प्रामुख्याने त्यांच्या बांधकामांतून आणि रायगडावरील शिलालेखांतून होते.

नाव आणि ओळख

रायगडावरील संस्कृत शिलालेखात त्यांचे नाव ‘हीराजि’ असे येते. तेथीलच पायरीवरील मराठी लेखात आडनावासह उल्लेख असून त्याचे वाचन अनेक अभ्यासक ‘इटळकर’ असे करतात. लोकपरंपरेत मात्र ‘हिरोजी इंदुलकर’ हे रूप रूढ झाले आहे. 1666 मध्ये आग्र्याहून सुटकेच्या वेळी महाराजांच्या जागी शय्येवर झोपून राहिलेले हिरोजी फर्जंद ही वेगळी व्यक्ती होय. नामसाधर्म्यामुळे या दोघांची गल्लत वारंवार होते.

सिंधुदुर्गाचे बांधकाम

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ येथे पूजन करून 25 नोव्हेंबर 1664 रोजी किल्ल्याचे काम आरंभण्यात आले आणि ते 29 मार्च 1667 रोजी पूर्ण झाले, असे मानले जाते. म्हणजे या कामाला सुमारे अठ्ठावीस महिने लागले. या काळात 1665 आणि 1666 असे दोन पावसाळे येऊन गेले. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात शिडाच्या होड्यांची ये-जा जवळजवळ थांबत असल्याने प्रत्यक्ष कामाचे महिने याहूनही कमी भरतात. या कामावर सुमारे तीन हजार मजूर होते, असे परंपरा सांगते. बांधकामाच्या व्यवस्थेसंदर्भात गोविंद विश्वनाथ प्रभू यांचेही नाव घेतले जाते.

पाया

समुद्रातील बांधकामात पायाचा प्रश्न सर्वांत कठीण असतो. चुन्याचा दर्जा सावकाश घट्ट होतो. तो ओला असताना लाटांचा मारा बसला, तर सांध्यांतून धुपून जातो. भरती-ओहोटीचे चक्र दिवसातून दोनदा फिरत असल्याने ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर सलग काम करण्यास काही तासच मिळतात. सिंधुदुर्गाच्या पायाचे दगड बसविताना शिशाचा वापर केला गेला, असे सांगितले जाते. त्यासाठी चार हजार पौंडांहून अधिक शिसे लागले, हा आकडा नेहमी दिला जातो. शिसे सुमारे 327 अंश सेल्सिअस तापमानाला वितळते, त्यामुळे ते भट्टीवर सहज पातळ करता येते. ओतल्यावर ते थंड होताच घट्ट होते, म्हणजे चुन्याप्रमाणे दिवसेंदिवस वाट पाहावी लागत नाही. शिवाय ते मऊ असल्याने दगडांमधील बारीक फटी भरून काढते आणि खाऱ्या पाण्यात लोखंडासारखे गंजत नाही. दोन भरतींच्या मधल्या अवधीत सांधा पक्का करण्यासाठी हा पदार्थ सोयीचा ठरतो.

तटबंदी

तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, उंची सुमारे 30 फूट आणि जाडी सुमारे 12 फूट आहे. किल्ल्याचे क्षेत्र सुमारे 48 एकर भरते. तट सरळ रेषेत न जाता बेटाच्या कातळाचा आकार धरून नागमोडी वळणे घेतो. याचे दोन लाभ होतात. पहिला लाभ असा, की पाया सर्वत्र मूळ खडकावरच राहतो. सरळ रेषेच्या हट्टापायी तो खोल पाण्यात किंवा वाळूत न्यावा लागत नाही. दुसरा लाभ संरक्षणाचा आहे. तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर शेजारच्या वळणावरील बुरुजांतून बाजूने मारा करता येतो. मुख्य दरवाजाही बुरुजांच्या आड असा लपविला आहे की अगदी जवळ गेल्याखेरीज तो दिसत नाही.

गोडे पाणी

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना गोडे पाणी कसे मिळते, याचे कुतूहल प्रत्येक प्रवाशाला वाटते. बेटावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर थर करून राहते. विहीर या वरच्या थरापुरतीच खोल ठेवली आणि उपसा मर्यादित राखला, तर पाणी गोडे राहते. उपसा वाढल्यास खालचे खारे पाणी वर चढते. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील देवबागसारख्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यातील विहिरींनाही हेच तत्त्व लागू पडते.

रायगड

महाराजांनी 1656 मध्ये चंद्रराव मोरे यांच्याकडून रायरीचा डोंगर घेतला. पुढे त्याचेच रायगड झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर उंचीच्या या गडावर राजधानी वसविण्याच्या कामात हिरोजींबरोबर आबाजी सोनदेव यांचेही नाव येते. येथील अडचण सिंधुदुर्गाच्या नेमकी उलट होती. तेथे पाण्याचा मारा परतवायचा होता, तर येथे डोंगरमाथ्यावर पडून वाहून जाणारे पावसाचे पाणी वर्षभरासाठी अडवायचे होते. गडकोटांवर इमारतींसाठी दगड काढलेल्या खाणींचीच पुढे टाकी आणि तलाव होत असत. गंगासागर तलावही असाच निर्माण झाला, असे मानले जाते. बालेकिल्ला, राजसभा, नगारखाना, राण्यांचे महाल, मनोरे आणि दुतर्फा बाजारपेठ अशी आखीव रचना गडावर आजही ओळखता येते. 6 जून 1674 रोजी येथेच राज्याभिषेक झाला.

शिलालेख

रायगडावरील जगदीश्वर मंदिराच्या प्रवेशद्वाराजवळील भिंतीत शके 1596 चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षाचा, संस्कृत शिलालेख आहे. सिंहासनाधीश्वर छत्रपतींच्या आज्ञेने हीराजीने हे मंदिर उभारले, तसेच गडावर विहिरी, तलाव, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा आणि राजगृहे निर्माण केली, असा त्याचा आशय आहे. चंद्रसूर्य असेपर्यंत ही निर्मिती नांदो, अशी प्रार्थना शेवटी येते. गडावरील कामांच्या या यादीत विहिरी आणि तलावांचा उल्लेख राजगृहांच्या आधी आहे.

मंदिराच्या एका पायरीवर स्वतंत्र मराठी लेख आहे. सेवेसाठी सदैव तत्पर असलेला हिराजी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आख्यायिका

गडाचे काम चालू असताना पैसा कमी पडला, तेव्हा हिरोजींनी स्वतःची मालमत्ता विकून ते पुरे केले आणि बक्षीस म्हणून केवळ पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, अशी कथा सांगितली जाते. जगदीश्वराच्या दर्शनाला जाताना महाराजांची पायधूळ त्या नावावर पडावी, हा त्यामागचा हेतू सांगतात. ही कथा शिलालेखात नाही. ती लोकपरंपरेतून आली आहे.

नंतरचा काळ आणि वारसा

1765 मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढे तो कोल्हापूरकरांकडे परत आला आणि 1812 च्या तहानंतर पुन्हा इंग्रजांकडे गेला. रायगडावर 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी आग लागून महालांचे लाकडी भाग जळाले. दगडी जोती, तलाव, मनोरे आणि जगदीश्वराचे मंदिर मात्र टिकले. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या मराठाकालीन बारा किल्ल्यांमध्ये सिंधुदुर्ग आणि रायगड या दोहोंचा समावेश आहे.

सिंधुदुर्गासमोरील राजकोट येथे 4 डिसेंबर 2023 रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी, म्हणजे नऊ महिन्यांच्या आतच, कोसळला. त्यानंतर खारे वारे, गंज, सांध्यांची मजबुती आणि पायाची रचना यांविषयी सार्वजनिक चर्चा झाली. साडेतीन शतकांपूर्वी त्याच किनाऱ्यासमोर तट उभारताना बांधणाऱ्यांपुढे वारा, लाटा आणि खारे पाणी हेच प्रश्न होते. जाड दगडी तट, मूळ खडकावरील पाया आणि न गंजणारे सांधे हे त्यांवरील उत्तर आजही सिंधुदुर्गाच्या तटात पाहता येते. काही ठिकाणी लाटांच्या माऱ्याने या तटाचीही पडझड झाली आहे, त्यामुळे त्याची सततची डागडुजी आवश्यक ठरते.