‘सी-एच’चीं तीन घराणीं

इंग्रजी भाषेंतील शब्दांची अक्षररचना आमच्या विद्यार्थ्यांस बहुधा लहरी वाटते. त्यांतही सी आणि एच हीं दोन अक्षरें शेजारीं शेजारीं आलीं म्हणजे वाचणारा हमखास अडखळतो. बिबवेवाडीच्या रस्त्यानें जातांना दुकानांवरील इंग्रजी पाट्या वाचीत चालावें. औषधांच्या दुकानावर ‘केमिस्ट’, खाद्यपदार्थांच्या दुकानावर ‘चीझ’, आणि यंत्रें दुरुस्त करणाऱ्याच्या पाटीवर ‘मशीन’ हे शब्द दिसतात. तिन्ही शब्दांत जोडी तीच. परंतु पहिल्यांत तिचा उच्चार क, दुसऱ्यांत च आणि तिसऱ्यांत श! ज्याच्या घरीं इंग्रजी बोललें जात नाहीं असें मूल वर्गांत ‘चेमिस्ट’ असें मोठ्यानें वाचतें, हशा पिकतो, आणि त्या दिवसापासून तें मोठ्यानें वाचण्याचेंच सोडून देतें. ही हानि लहान नव्हे. म्हणून या उच्चारभेदाचीं कारणें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या जोडीचे शब्द मुख्यतः तीन घराण्यांतून आलेले आहेत. पहिलें घराणें जुन्या इंग्रजींत रुळलेल्या शब्दांचें. चाइल्ड म्हणजे मूल, चिन म्हणजे हनुवटी, चीक म्हणजे गाल, चूज म्हणजे निवडणें, टीच म्हणजे शिकविणें, चर्च म्हणजे उपासनामंदिर. प्राचीन इंग्रज लोक हा ध्वनि केवळ सी या अक्षरानें लिहीत. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. पुढें फ्रेंच वळणाच्या लेखकांनीं च या ध्वनीसाठीं सी-एच लिहिण्याचा प्रघात पाडला. त्या काळीं फ्रेंच भाषेंतही या जोडीचा उच्चार च असाच होता. म्हणून तेव्हां आलेले चेअर म्हणजे खुर्ची, चीफ म्हणजे प्रमुख, चॅप्टर म्हणजे अध्याय, हे शब्दही च नेंच उच्चारले जातात.

दुसरें घराणें मागाहून आलेल्या फ्रेंच शब्दांचें. काळाच्या ओघांत फ्रेंच लोकांच्या जिभेवर च चा श झाला, आणि त्यानंतर इंग्रजींत आलेले शब्द तो श बरोबर घेऊनच आले. मशीन म्हणजे यंत्र, ब्रोशर म्हणजे माहितीपत्रक, पॅराशूट म्हणजे हवाई छत्री, शेफ म्हणजे मुख्य आचारी. येथें एक मौज पाहण्यासारखी आहे. चीफ आणि शेफ हे मूळचे एकच. लॅटिन भाषेंतील ‘डोकें’ या अर्थाच्या शब्दापासून दोघेही निघाले. एक सुमारें १३०० सालीं आला, दुसरा एकोणिसाव्या शतकांत. आपल्या मराठींतही हस्त झिजून हात झाला, आणि पुढें हस्ताक्षर या शब्दांतून हस्त पुन्हां घरांत आला. तसाच हा प्रकार होय.

तिसरें घराणें ग्रीक शब्दांचें, आणि तेंच विद्येच्या प्रांतांत सर्वांत अधिक भेटतें. प्राचीन ग्रीक भाषेंत आपल्या ख सारखा महाप्राण ध्वनि होता. रोमन लोकांपाशीं त्यासाठीं अक्षर नव्हतें. त्यांनीं सी ला एच जोडून काम भागविलें. पुढें ख चा क झाला. कॅरॅक्टर म्हणजे शील, परंतु मुळांत कोरलेली खूण. एको म्हणजे प्रतिध्वनि. मोनार्क म्हणजे एकटा राज्य करणारा. आर्किटेक्ट म्हणजे मुख्य बांधणारा, अर्थात् वास्तुशिल्पी. केमिस्ट हा शब्द अरबींतून फेरा घेऊन आला, तरी त्याचा माग ग्रीक भाषेपर्यंत लागतो. जवळच्या मार्केट यार्डांतील फुलबाजारांत विकावयास येणारें ऑर्किड हें नांवही याच घराण्याचें. आणि स्कूल या शब्दाचा मूळ अर्थ तर ‘फुरसत’ असा आहे! फुरसतीच्या वेळीं विद्वान चर्चा करीत. त्या चर्चेला, मग चर्चेच्या जागेला तें नांव मिळालें. इंग्रज ‘क्राइस्ट’ म्हणतो, आपण ‘ख्रिस्त’ म्हणतों. मूळ ग्रीक ध्वनीच्या अधिक जवळ आपण आहों, हें मराठी मुलानें विसरूं नये.

कांहीं शब्द मात्र खोट्या नांवानें वावरतात. एक, म्हणजे वेदना, हा शब्द अस्सल इंग्रजी. तो पूर्वीं के नें लिहीत. डॉक्टर जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत तो ग्रीक समजून त्यास सी-एच दिलें, आणि तेंच रूढ झालें. त्यामुळें ‘स्टमक-एक’ म्हणजे पोटदुखी या जोडशब्दांत पहिली जोडी खरी ग्रीक आणि दुसरी उसनी! जेथें इतका मोठा कोशकार चकला तेथें आमच्या बालकास कोण हंसणार?

शिवाय हें कोडें केवळ इंग्रजीचें नव्हे. आपण एकच च लिहितों, पण चंद्र, चतुर, चरित्र यांतील च निराळा आणि चाक, चूल, चांगला यांतील निराळा. ‘गुरूंचे चरण’ आणि ‘गाईचें चरणें’ हे शब्द मोठ्यानें म्हणून पाहावे. संस्कृतांतून जसेच्या तसे आलेले शब्द एका रीतीनें आणि कित्येक घरगुती शब्द दुसऱ्या रीतीनें उच्चारले जातात. हें आपणांस कोणीं शिकविलें नाहीं. कानांनीं ऐकून साधलें. इंग्रजीही तशीच साधेल.

विद्यार्थ्यांनीं वहींत तीन रकाने आंखून भेटेल तो शब्द अर्थासह योग्य घरांत लिहावा. शब्दाच्या आरंभीं सी-एच पुढें आर किंवा एल आल्यास उच्चार क समजावा. जसें क्रॉनिकल म्हणजे बखर, क्लोरीन म्हणजे पाणी शुद्ध करण्यास वापरतात तो वायु. पुण्यांत शिक्षणकार्य केलेले मेजर कँडी आणि मोल्सवर्थ यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तेव्हांपासून शब्दांचे अर्थ शोधण्याचें साधन मराठी वाचकाच्या हातीं आहे. अर्थाबरोबर शब्दाचें मूळही शोधण्याची संवय आतां लावावी.

पालकांस एकच विनंति. स्वतःस इंग्रजी येत नसलें तरी चालेल. मूल अडखळलें तर हंसूं नये, ‘हा शब्द कोणत्या घराण्याचा?’ एवढेंच विचारावें. उत्तर शोधतां शोधतां शब्दही पाठ होईल आणि धीरही वाढेल.