दहा जागांसाठी तेरा जणी



हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये आपल्या मंडळीतील अनेकांची मुले नोकरीला आहेत. त्यांच्या आधी ऑफिसात पोहोचणाऱ्या हाउसकीपिंगच्या बायकांमध्ये मुळशीच्या वाड्यांवरच्या आपल्या कातकरी भगिनीही आहेत. वीटभट्टीची उचल घेऊन दिवाळीनंतर मुलाबाळांसह घर सोडावे लागू नये, म्हणून आपण त्यांना या कामाला लावतो. पण काम टिकते की सुटते, हे बऱ्याच वेळा कंत्राटदाराने माणसांचा हिशोब कसा मांडला यावर ठरते.

आधी कामाचा हिशोब. नुसत्या चौरस फुटांवरून तो होत नाही, कारण मोकळ्या हॉलचा पोछा आणि तेवढ्याच जागेतली स्वच्छतागृहे यांत फार फरक आहे. एका स्वच्छतागृहाला 15 मिनिटे लागतात आणि दर दोन तासांनी फेरी हवी असे धरा. कागदावर एकीला आठ देता येतात. पण बादली भरायची, साबण-कागद आणायचे, लिफ्टसाठी थांबायचे, त्याचा वेळ कुठे गेला? मी सुपरवायझरांना सहाच द्या म्हणतो.

खरी गोम पुढे आहे. ऑफिस वर्षाचे 365 दिवस चालते, बाई चालत नाही. 52 साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 प्रमाणे सणांच्या 8 पगारी सुट्ट्या, 8 किरकोळ रजा, आणि 240 दिवस भरले की कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, म्हणजे आणखी 14. उरले 283. दहा जागांचे वर्षाला 3650 दिवस होतात. त्याला 283 ने भागा. उत्तर जवळजवळ 13 येते. दहा जागांना दहाच जणी घेणारे कंत्राट स्वस्त दिसते, पण उरलेल्या तिघींचे काम दहा जणींच्या रविवारातून आणि डबल ड्युटीतून निघते. मग पोर तापले म्हणून घरी राहिलेली बाई ‘बेभरवशाची’ ठरते आणि पुन्हा भट्टीची वाट धरते. चौथ्या आज्ञेतला विसावा दास-दासींनाही आहे (निर्गम 20:10), आणि तो मस्टरवर बदली कामगार असेल तरच मिळतो.

वेळेचेही तसेच. रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर याच कायद्याने तिची संमती आणि सुरक्षित ने-आण लागते. सातची शिफ्ट या अटीत बसत नाही, पण वाडीवरची बाई त्यासाठी पहाटे पाचला अंधारात निघते. तिला नऊची शिफ्ट द्यावी आणि सातची जवळ राहणारीला, एवढी अदलाबदल सुपरवायझरच्या हातात असते.

आपल्यापैकी कोणी ऑफिसच्या प्रशासनात असाल, तर कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या वेळी दरासोबत एक आकडा मागा: बदली कामगार किती?