आधी कुंडी, मग कास!

तुमच्या घरातल्या बच्चेकंपनीला फुलांची नावं विचारून बघा. गुलाब, कमळ, सूर्यफूल... आणि पाठोपाठ ट्यूलिप! ड्रॉइंगच्या पुस्तकात असतं ना ते. पण तेरडा? सोनकी? कारवी? चेहरे एकदम कोरे.

मग आपण काय करतो? सप्टेंबरचा एखादा वीकेण्ड गाठून साताऱ्याजवळच्या कास पठारावर गाडी काढतो. कास आहेच तसं भन्नाट. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेलं. पण तिथे फूल तोडायला मनाई आहे, आणि ती हवीच. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, त्यात एका पावसाळ्यापुरती जगणारी इवलीशी रोपं. बी धरायच्या आत रोप चिरडलं, की पुढच्या वर्षीचं फूलही गेलं. म्हणजे मुलांच्या वाट्याला काय, तर ‘हात लावू नकोस, फोटोला उभा राहा!’ अशी कधी दोस्ती होते का?

म्हणून गेले दोन पावसाळे सोसायटीतल्या सात-आठ मुलांना घेऊन मी उलटा प्रयोग करतेय. आधी गच्चीतली कुंडी, मग कास. हीरो एकच, तेरडा.

जून : पेरा
एकेरी पाकळ्यांचा साधा तेरडा घ्या. बी नखभर खोल पेरायचं, वर भुरभुरती माती. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. रोज एक चित्र काढायचं, एवढाच होमवर्क.

ऑगस्ट : उघडा, रंगवा
साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे गौरींच्या आसपास. कोकणात कितीतरी घरी गौर म्हणून तेरड्याची रोपंच पुजतात, हे सांगायची हीच वेळ. मग एक फूल उलटं करून दाखवा. मागची ती वाकडी नळी म्हणजे मधाचा डबा! कागदाचं फूल बनवताना मुलं ती नळी विसरत नाहीत. गळलेल्या पाकळ्या कागदावर घासून मस्त गुलाबी रंग काढा. चार फुलं वर्तमानपत्रात ठेवून वर जाड पुस्तकं रचा, दोन दिवसांनी कागद बदला. नियम एकच : फूल फक्त स्वतःच्या कुंडीतलं.

ऑक्टोबर : फट्!
पिकलेल्या बोंडाला बोट लावलं, की ते फुटतं आणि बिया उडतात. व्हिडिओ गेम विसराल! बिया जुन्या कॅलेंडरच्या पाकिटात भरा, वर नाव आणि तारीख. पण हे बी डोंगरावर उधळू नका. तिथली माती तिथल्या फुलांची.

याचा फायदा काय? गेल्या सप्टेंबरला आम्ही कासला गेलो. तिथला जांभळा तेरडा आमच्या कुंडीतल्या तेरड्याचा भाऊबंद. मुलं वाटेवरच उकिडवी बसली, हात मागे बांधून नळ्या शोधत. इतक्यात एका काकांनी फोटोसाठी ताटव्यात पाय टाकला. आमच्यातली सात वर्षांची चिमुरडी ओरडली, ‘काका, त्यांचं बी पडायचंय अजून!’

काका मुकाट मागे सरले.

तेव्हा बॉस, कासचं प्लॅनिंग जरूर करा. पण जूनमध्ये!