व्हायोलिनवादनातील स्वरकंपन : अलंकार की स्वरधर्म?

तारेवरील बोट आंदोलित करून उत्पन्न होणारे स्वरकंपन, म्हणजेच व्हायब्राटो, हा आज व्हायोलिनचा स्वभावधर्म मानला जातो. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. लिओपोल्ड मोझार्ट याने १७५६ च्या आपल्या ग्रंथात त्याची गणना अलंकारांत केली आणि प्रत्येक स्वर कंपित करणाऱ्या वादकांना सततच्या ज्वराने ग्रस्त झालेल्यांची उपमा दिली. योझेफ योआखिम याच्या १९०३ मधील ध्वनिमुद्रिकांतही कंपन विरळच आढळते. लिओपोल्ड आउअर याने १९२१ मध्ये अखंड कंपनाचा निषेध केला. तथापि क्राइस्लर आणि खुद्द आउअरचा शिष्य हायफेट्झ यांच्या वादनाने तेच रूढ झाले. म्हणून, योआखिमने १८७९ मध्ये प्रथम वाजविलेल्या ब्राम्सच्या कंचेर्टोचा आज कानी पडणारा नाद हाच मूळ नाद होय, असे संशोधकाने गृहीत धरणे युक्त नव्हे.